साखळीत चमकणारा ज्युनिअर हॉकी संघ बाद फेरीत का अडतो?

साखळीत गोलांचा पाऊस पाडलेला संघ उपांत्यपूर्व फेरीत ०-१ नं हरतो आणि मैदानाबाहेर एकच वाक्य ऐकू येतं, "आज पोरांचं नशीब नव्हतं." नशिबाचा वाटा असतो, पण थोडा. साखळीत एखाददुसरा कमकुवत संघ वाट्याला येतो, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या क्षेत्राच्या, आत मोकळी जागा मिळते आणि दोन चांगले फॉरवर्ड सामना काढून देतात. बाद फेरीत समोरचा संघही साखळी जिंकूनच आलेला असतो. दोघंही आधी गोल वाचवायला बघतात. धावता धावता होणारे गोल आटतात आणि सामना ठरतो तो चेंडू थांबलेला असताना: पेनल्टी कॉर्नर (एक जण गोलच्या रेषेवरून चेंडू डीबाहेर ढकलतो, दुसरा थांबवतो, तिसरा गोलवर मारतो), स्ट्रोक (समोर फक्त गोलकीपर असताना मारायचा फटका), तेवीस मीटरच्या रेषेजवळची फ्री हिट आणि शेवटी शूटआऊट.

बेळगावकरांना याचा एक दाखला जवळचा वाटेल. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघात आपले बंडू पाटील होते. पाकिस्तानविरुद्धची ती अंतिम लढत भारतानं १-० नं जिंकली. एकमेव गोल आला तो असा: पृथिपाल सिंगांचा पेनल्टी कॉर्नरवरचा फटका गोलरेषेवर पाकिस्तानी बचावपटूच्या पायाला लागला, पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला आणि मोहिंदर लाल यांनी तो आत घातला. उलट बाजूचा दाखला २०२३ च्या क्वालालंपूरमधल्या ज्युनिअर विश्वचषकाचा. उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध भारताला १२ पेनल्टी कॉर्नर मिळाले, त्यातला एकही गोलात गेला नाही आणि सामना १-४ असा गेला. बारा वेळा डीपर्यंत घुसून कॉर्नर मिळवणारा संघ खेळात कमी होता असं कोण म्हणेल? कमी पडलं ते त्या दीड-दोन सेकंदांतलं काम.

हे काम पाठ करून घेता येतं. चौदा, सतरा किंवा एकोणीस वर्षांखालच्या संघासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. डॉजिंगची, म्हणजे चेंडूसह चकवत जाण्याची, देणगी हरेक पोराला नसते, पण १९ मीटर सरळ पुश करायला कुणालाही शिकवता येतं.

आधी डी नीट आखा

पेनल्टी कॉर्नरची तयारी चुन्याच्या डब्यापासून सुरू होते. गोलची रुंदी ३.६६ मीटर असते. दोन्ही खांबांच्या आतल्या, पुढच्या कोपऱ्यात एकेक खुंटी ठोकायची आणि प्रत्येकीवरून १४.६३ मीटर, म्हणजे जुने सोळा यार्ड, मापून आपापल्या बाजूला पाव वर्तुळ काढायचं. ही दोन पाव वर्तुळं समोर ३.६६ मीटरच्या सरळ रेघेनं जोडायची. म्हणूनच तिचा आकार इंग्रजी डीसारखा दिसतो.

खेड्यापाड्यातल्या बऱ्याच मैदानांवर गोलच्या मधोमध एकच खुंटी ठोकून अर्धवर्तुळ काढलं जातं. दिसायला ते बरोबर दिसतं, पण बाजूंना डी १.८३ मीटरनं अपुरी पडते. तिथं वाढलेला फुलबॅक, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, राज्य स्पर्धेच्या मैदानावर बगलेत टॅकल करताना आपण डीच्या बाहेर आहोत असं समजतो. प्रत्यक्षात तो आत असतो, स्टिकवर स्टिक लागते आणि समोरच्याला फुकटची पीसी, म्हणजे पेनल्टी कॉर्नर, मिळते. दुसरी चूक दोरीची. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि प्रत्येक वेळी वेगळं माप देते. मेजरिंग टेप वापरा. गोलच्या रेषेवर जवळच्या खांबापासून १० मीटरवर पुश करणाऱ्याची खूणही चुन्यानं करून ठेवा, अंदाजानं उभं राहू नका.

पीसी घेताना

तीन माणसं महत्त्वाची: चेंडू ढकलणारा पुशर, डीच्या माथ्यावर तो थांबवणारा स्टॉपर आणि मारणारा. गोलच्या मध्यापासून पुशरच्या खुणेपर्यंत साधारण १२ मीटर आणि डीच्या माथ्यापर्यंत जवळपास १५ मीटर, म्हणजे तिरक्या रेषेत चेंडूला सुमारे १९ मीटर जायचं असतं. तो जमिनीलगत, न उडता आणि स्टॉपरच्या स्टिकवरच पोचला पाहिजे.

पुश बिघडतो तो बहुधा तीन कारणांनी. उजवा हात स्टिकवर फार वर धरला की स्टिक उघडी पडते आणि चेंडू टप्पा घेत जातो. डावं पाऊल स्टॉपरच्या दिशेनं नसेल तर चेंडू वळतो. तिसरं कारण नवख्यांच्या लक्षात येत नाही: पुश करण्याआधी खांदा किंवा डोकं दरवेळी त्याच लयीत हलतं आणि समोरच्या संघातला, गोलरेषेवरून आधी धावून येणारा बचावपटू ती लय पकडून चेंडूबरोबरच निघतो. मान खाली घालून मनात कधी दोन, कधी चार आकडे मोजून पुश करायची सवय लावा. मात्र फसवण्यासाठी हालचाल करून थांबू नये. पंचांना ते दिसलं तर पुशरला मध्यरेषेपलीकडे पाठवतात आणि त्याच्या जागी दुसऱ्याला पुश करावा लागतो. त्या दुसऱ्यानं तो कधी केलेलाच नसतो.

स्टॉपरनं चेंडू डीच्या रेषेबाहेर वीतभर थांबवायचा. रेषेच्या आतच थांबला तर तो बाहेर जाईपर्यंत गोल धरला जात नाही. फार बाहेर, मीटर-दीड मीटरवर थांबला, तर फटक्याला तेवढं अंतर वाढतं आणि धावून येणाऱ्याला तेवढा वेळ मिळतो. स्टिक थोडी पुढे झुकलेली हवी, म्हणजे चेंडू उसळून वर न येता खाली दबतो. तांबड्या मातीवर खडा लागून चेंडू ऐनवेळी उडतो, त्यामुळे स्टॉपरनं एक गुडघा टेकून बसणंच सुरक्षित. सरावाआधी पुशच्या वाटेवरचे खडे हातानं वेचून टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

पहिला फटका हिट असेल तर चेंडूनं गोलरेषा ४६० मिलीमीटरच्या आत, म्हणजे गोलमागच्या फळीच्या उंचीखालीच ओलांडायला हवी. त्यापेक्षा वर गेला तर गोल नाही. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत नेऊन भिरकावण्याला, हे बंधन नाही, म्हणूनच तिची एवढी धास्ती. पण पंधरा-सोळा वर्षांच्या वयात कमरेचा मणका अजून पक्का झालेला नसतो आणि फ्लिकमध्ये कंबर वाकवून पिळली जाते. ज्या पोराची फ्लिक चांगली, त्यालाच रोज शंभर फ्लिक मारायला लावणं हा संघाचा सगळ्यात महागडा उत्साह. एक दिवसाआड ३० फ्लिक पुरतात. कमरेत एका बाजूला, मागे वाकताना दुखत असेल तर फ्लिक बंद करा आणि डॉक्टरला दाखवा. मलम चोळून खेळवू नका.

फ्लिकर नसेल तरी हरकत नाही. तीन चाली पुरतात: सरळ हिट, डावीकडे सरकवून दुसऱ्यानं मारणं आणि चेंडू परत गोलकडे सरकलेल्या पुशरला देणं. आठ-दहा चाली वहीत काढणारे संघ ऐनवेळी गोंधळतात, कारण अर्ध्यांना वाटतं तिसरी, अर्ध्यांना पाचवी. सामन्यातली पहिली पीसी शक्यतो सरळच घ्या आणि बाकावरच्या एकाला फक्त हे बघायला सांगा: त्यांचा पहिला धावणारा कुठल्या रेषेनं येतो आणि खांबावर किती जण थांबतात. दुसऱ्या पीसीची चाल त्यावरून ठरते.

सरावाचा हिशेब साधा ठेवा. पुशरनं रोज दहा-दहाचे चार संच करायचे. स्टॉपरच्या जागी दोन शंकू ठेवून एका स्टिकएवढी फट ठेवायची आणि दहापैकी किती आत गेले ते भिंतीवर लिहायचं. आठ जायला लागले की तो पुशर बाद फेरीसाठी तयार झाला असं समजा. असे दोन पुशर आणि दोन स्टॉपर तयार करा. पीसी दिली गेल्यापासून ती संपेपर्यंत खेळाडू बदलता येत नाही. फ्लिकर बाकावर पाणी पीत असताना पीसी मिळाली तर त्याला आत घेता येणार नाही, जो मैदानात आहे त्यानंच मारायचं.

पीसी अडवताना

गोलकीपर धरून पाच जण गोलरेषेमागे, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. पहिला धावणारा फ्लिकरच्या अंगावर नव्हे, त्याच्या फटक्याच्या रेषेत धावतो. त्यानं एक बाजू झाकायची आणि उरलेली बाजू गोलकीपरची, हे दोघांनी आधी ठरवलेलं असतं. दुसरा धावणारा सरकवलेल्या चेंडूसाठी. एक जण खांबावर, आणि चौथा गोलकीपरपासून उसळलेला चेंडू बाहेर काढण्यासाठी. शाळकरी संघांत हा चौथाच विसरला जातो. गोलकीपर पहिला फटका पॅडनं अडवतो, चेंडू सहा-सात मीटरवर पडतो आणि तिथं आपलं कुणीच नसतं. असे गोल गोलकीपरच्या नावावर लिहिले जातात, त्याची चूक नसताना.

बचाव करणाऱ्यानं चेंडू खेळला जाण्याआधी रेषा सोडली तर त्याला मध्यरेषेपलीकडे जावं लागतं आणि त्याच्या जागी कुणी येत नाही. पाचाचे चार होतात. गोलकीपरनं ही चूक केली तर त्याच्याऐवजी संघातला दुसरा एक बचावपटू जातो. म्हणून सगळ्यांची नजर पुशरच्या शरीरावर नको, चेंडूवर हवी. धावणाऱ्याला चेहऱ्याचा मास्क, गुडघ्याचे पॅड, हातमोजा आणि अॅबडॉमिनल गार्ड हे चारही हवेत. साहित्य एकच असेल तर ते पहिल्या धावणाऱ्याला. मास्क नसलेल्या मुलाला फ्लिकसमोर पाठवू नका, सामना जाईना का. १५६ ते १६३ ग्रॅमचा तो कडक चेंडू तोंडावर बसला तर दात आणि जबडा दोन्ही जातात.

मातीतून टर्फवर

बेळगाव, खानापूरकडं तांबडी खडेरी माती, निपाणी, चिक्कोडीकडं काळी. पावसात काळ्या मातीवर पाय रुतात, उन्हाळ्यात भेगा पडतात. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो, त्यामुळे ऐन सरावाच्या आठवड्यांत मैदान हातात नसतं. तालुका, जिल्हा या पायऱ्या मातीवर निघतात. वरच्या पायरीवर, बेंगळुरूला किंवा कोडगूकडं, टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, समोर येतो आणि समोरची पोरं त्यावरच वाढलेली असतात.

फरक नुसता वेगाचा नाही. मातीवर चेंडू उसळतो, म्हणून आपला फुलबॅक उभा राहून स्टिकच्या टोकानं टोचतो. स्टिक आडवी टाकली तर चेंडू वरून उडी मारून जाईल ही भीती त्याला अनुभवानं शिकवलेली असते, आणि मातीवर ती खरी असते. ओल्या टर्फवर चेंडू जमिनीला चिकटून सरकतो. तिथं टोचणाऱ्याला फॉरवर्ड सहज डॉज देतो. टर्फवर गुडघे वाकवून, डाव्या हातानं स्टिक जमिनीवर आडवी ठेवून अडवणं हेच बरोबर. सवय बदलायला एक दिवस पुरत नाही.

टर्फ नसताना काय करायचं? शाळेचं बास्केटबॉलचं काँक्रीटचं मैदान किंवा फरशीचा हॉल वापरा. आडव्या स्टिकचं टॅकल, एका स्पर्शात पास आणि चेंडू धावत घेणं, एवढंच तिथं करायचं. जोरदार हिट तिथं नको. आठवड्यात तीन दिवस, चाळीस मिनिटं, निदान तीन आठवडे. दुसरं, पासचं अंतर. मातीवर १५ मीटरचा पुश पोचेपर्यंत मंद होतो, म्हणून पोरं जोर लावून मारतात. टर्फवर तोच जोर चेंडू थेट रेषेबाहेर घालवतो. सामन्याआधी अर्धा तास मिळाला तर फटक्यांपेक्षा पासचा जोर जुळवण्यात घालवा.

आणखी एक बारकावा. पाण्याचा टर्फ सामन्याआधी भिजवतात. कडक उन्हात तो सामना चालू असतानाच वाळत जातो आणि चेंडू जड होतो. पहिल्या पंधरा मिनिटांत नीट पोचणारा पास तिसऱ्या पंधरा मिनिटांत मधेच अडवला जातो. ज्यांना हे ठाऊक नसतं ती पोरं आपण थकलो असं समजून मनानं खचतात. मध्यंतरात कप्तानानं तळव्यानं टर्फ चाचपून बघावा आणि सगळ्यांना सांगावं.

बूट लांब स्टडचे नकोत. बारीक रबरी खुंट्यांचे हवेत. टर्फवर घसरलं की गुडघा सोलवटतो. सामना संपल्याबरोबर जखम साबणानं धुवायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोराला गुडघा वाकवता येत नाही आणि गुडघा न वाकवता टर्फवर बचाव होत नाही.

बाकावरच्या पोरांचा हिशेब

हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. तरी पुष्कळ शालेय संघ तेच अकरा जण शेवटपर्यंत पळवतात. का, तर "चांगला पोरगा बाहेर कसा काढायचा?"

हिशेब मांडून बघा. पंधरा मिनिटांचं एक सत्र, तीन फॉरवर्ड. म्हणजे एका सत्रात ४५ मिनिटांचं फॉरवर्डचं काम. पाच फॉरवर्ड फिरवले तर प्रत्येकाच्या वाट्याला ९ मिनिटं, चार सत्रांत ३६. न फिरवता खेळवलं तर ६०. पाच दिवसांत पाच सामने असतील तर एक पोरगा १८० मिनिटं पळून अंतिम फेरीला पोचतो आणि दुसरा ३००. चौथ्या सत्रात कुणाच्या पोटरीत गोळे येणार हे तिथंच ठरलेलं असतं. (तुमच्या स्पर्धेत सत्रं लहान असतील, नियमपत्रक बघून आकडे बदला. तत्त्व तेच.)

फॉरवर्ड पाच-सहा मिनिटांनी बदला, हाफ, म्हणजे मधल्या फळीतले, आठ-दहा मिनिटांनी. फुलबॅक शक्यतो हलवू नका, त्यांची एकमेकांशी जुळलेली ओळ मोडते. बदल ओरडून करू नका. एका पुठ्ठ्यावर जोड्या लिहून ठेवा, कुणाच्या जागी कोण, आणि वेळ बघायला एक जण नेमा. एकाच वेळी तीन बदल करू नका आणि समोरच्याकडं चेंडू असताना तर मुळीच नको. बाकावरचे पोरगे पहिल्या दिवसापासून खेळलेले असले तरच हे चालतं. साखळीत ज्याला एक मिनिट दिलं नाही, त्याला उपांत्य सामन्यात उतरवणं त्याच्यावर अन्याय आहे.

कार्ड आणि आवाज

हिरवं कार्ड २ मिनिटं, पिवळं किमान ५, लाल म्हणजे त्या खेळाडूचा सामना संपला, आणि तेवढा वेळ संघ एकानं कमी. ज्युनिअर पोरांना कार्ड मिळतात ती बहुतेक धसमुसळेपणानं नव्हे. फ्री हिट दिल्यावर ५ मीटर मागे न सरकणं, चेंडू रागानं लांब ढकलणं, पंचांकडं हात उडवणं, ही कारणं. सरावाच्या सामन्यातही शिट्टी वाजली की स्टिक खाली आणि पाच मीटर मागे, हा नियम सरांनी स्वतः पाळून घ्यावा.

दहा जणांनी कसं खेळायचं हेही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं खेळून बघा. एक फॉरवर्ड कमी करायचा, चार बचावात, तीन मधे, दोन पुढे. चेंडू मिळाला की मधून न जाता बगलेतून वर न्यायचा आणि कोपऱ्याजवळ वेळ काढायचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. उरलेला सामना भारत दहा जणांनी खेळला, १-१ वर तग धरला आणि शूटआऊट ४-२ नं जिंकला. जागा कुणी कुठं भरायची हे माहीत असल्याशिवाय असं होत नाही.

आता सीमाभागाची खास गोष्ट. आपल्या संघात एक पोरगा घरी मराठी बोलतो, दुसरा कन्नड, तिसरा दख्खनी उर्दू. शांतपणे सगळे सगळ्यांचं समजतात. पण डीमध्ये, पाठ फिरवलेली असताना, अर्ध्या सेकंदात एक जण "सोड" म्हणतो, दुसरा "बिडु", तिसरा "छोड" आणि चौथ्याला कळत नाही हे त्यालाच उद्देशून होतं का. चेंडू दोघांच्या मधून जातो. उपाय सोपा आहे: सहा शब्द ठरवा आणि सगळ्यांनी तेच वापरायचे. सोड, माझा, मागे, वेळ, डावा, उजवा. कन्नड निवडा, मराठी निवडा, पण एकच निवडा. गोलकीपरचा आवाज सगळ्यात मोठा हवा, कारण पूर्ण मैदान त्यालाच दिसतं. आणि पंचांशी बोलायचं ते फक्त कप्तानानं. राज्य पातळीवर पंच बहुधा कन्नड बोलतात, तेव्हा "सर" म्हणून नीट कन्नडमध्ये विचारू शकेल असाच कप्तान किंवा उपकप्तान निवडा.

कागद, प्रवास, पोट

कागदांवरून सामना न खेळताच हरता येतो. मराठी घरात नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. कन्नड पद्धतीत आद्याक्षरं पुढे. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, जन्मदाखल्यावर तिसरं असं होऊन बसतं आणि तपासणीच्या टेबलावर पोरगा अडतो. स्पर्धेच्या निदान दोन महिने आधी तिन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. दुरुस्तीला वेळ लागतो.

बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर बसून सकाळी बेंगळुरूला उतरायचं आणि दुपारी सामना खेळायचा, हे टाळता आलं तर टाळा. एक दिवस आधी पोचणं म्हणजे चैन नव्हे, तेवढाच टर्फचा एक सराव मिळतो. सामन्याआधी तीन तास पोहे, इडली किंवा भात-वरण. मिसळ, भजी, वडा नको. तळलेलं पोटात बसून राहतं. सामना संपल्यावर पाऊण तासाच्या आत केळी, शेंगदाण्याची चिक्की, दूध. पाण्यासोबत ओआरएस ठेवा. गोळे येणाऱ्या पोराची बाटली वेगळी, नाव घालून.

शूटआऊट

बरोबरी झाली की बहुतेक ठिकाणी थेट शूटआऊट होतो. काही स्पर्धांत आधी जादा वेळ किंवा जुन्या पद्धतीचे पेनल्टी स्ट्रोक असू शकतात, म्हणून पहिल्या दिवशीच आयोजकांना विचारून लिहून घ्या. शूटआऊटमध्ये एक खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो, समोर फक्त गोलकीपर, आणि वेळ ८ सेकंद. प्रत्येकी पाच जण, तरीही बरोबरी राहिली तर तेच पाच जण पुन्हा, एकेक करून.

आठ सेकंद ऐकायला कमी वाटतात, पण पोरं चुकतात ती घाई करून. डीपर्यंत यायला तीन सेकंद पुरतात. पुढच्या चार सेकंदांत गोलकीपरला एका बाजूला नेऊन उलट बाजूला वळायचं आणि उरलेल्या एकात मारायचं. प्रत्येकानं एकच चाल ठरवून तिचाच सराव करावा, ऐनवेळी सुचलेली दुसरी करू नये. हा सराव ताज्या पायांनी करू नका. प्रॅक्टिस संपल्यावर, दम लागलेला असताना, रोज दोन-दोन संधी आणि बाजूला कुणीतरी मोठ्यानं सेकंद मोजायचे. महिन्याभरात कुणाचं काय होतं ते वहीत दिसतं. नाव मोठं असलेला फॉरवर्ड वहीत मागे असेल तर वहीचं ऐका.

गोलकीपरनं शिट्टीबरोबर बाहेर यायचं, पण सहा-सात मीटरवर थांबून पायांवर उभं राहायचं. आधी लोळण घेतली की खेळ संपला, त्याच्या अंगावरून चेंडू जातो. खेळाडूला त्याच्या डाव्या हाताकडं, म्हणजे जिथं त्याला स्टिक उलटी करून मारावं लागतं त्या रिव्हर्सच्या बाजूला, ढकलत राहायचं. वेळ गोलकीपरच्या बाजूनं पळतो. मुद्दाम खेळाडूला पाडलं तर पेनल्टी स्ट्रोक बसतो, चुकून झालं तर शूटआऊट पुन्हा घेतला जातो. या दोन्हींतला फरक गोलकीपरला तोंडपाठ हवा.

यादीत पाच नव्हे, सात नावं ठेवा. लाल कार्ड मिळालेला खेळाडू शूटआऊट घेऊ शकत नाही, आणि एखादा लंगडत असेल. सगळ्यात भरवशाचा पोरगा पाचवा ठेवण्याची पद्धत आहे, पण पाचव्याची पाळी येण्याआधीच निकाल लागू शकतो. त्याला पहिला किंवा दुसरा पाठवा. ही यादी सामन्याच्या आदल्या रात्री लिहा, सातही जणांना सांगा आणि कागद व्यवस्थापकाच्या खिशात ठेवा. शिट्टी वाजल्यावर मैदानात घोळका करून "कोण घेतंय, कोण घेतंय" असं विचारायला लागलात तर जे मागे सरकतात त्यांच्यात बऱ्याचदा तुमचा सगळ्यात चांगला शूटर असतो.